सतरा नंबरचा खडक

मुलांनो, वाचताना डोळे मिटता येत नाहीत, म्हणून मनातल्या मनात मिटा. समजा, तुम्ही एका पत्र्याच्या डब्यात उभे आहात. तुमच्याबरोबर तुमच्या वर्गातली तेरा मुलं आणि एक गुरुजी. डब्याला खिडक्या आहेत, खिडक्यांना गज आहेत. पायाखाली डब्याचा तळ आणि तळाखाली काही नाही. पाच मजली इमारतीइतकं खोल गेलं की मग डोंगराचा उतार, काळे खडक, घाणेरीची झुडपं. डोक्यावर मनगटाएवढा जाड पोलादी दोर. आत्तापर्यंत डबा मजेत खाली सरकत होता. आता एक धक्का बसला, सगळे एकमेकांवर आदळले, आणि डबा थांबलाय. नुसता झुलतोय. इकडे आला की दोर कुरकुरतो, तिकडे गेला की पुन्हा कुरकुरतो. मागे कुणीतरी रडायला लागलंय.

आलं डोळ्यांपुढे? मग थोडा वेळ तिथेच राहा.

मी त्या डब्यात नव्हते. मी डोंगराच्या पायथ्याशी, यंत्रघरात, पंख्याखाली खुर्चीवर बसले होते. वीस-बावीस वर्षं झाली त्याला. पण अजून कुठे पाळणा कुरकुरला की माझे तळहात ओले होतात.

कावळगडावर जायला तेव्हा दोरावरचे दोन डबे होते. हिरव्या डब्याला सगळे राघू म्हणत, पिवळ्याला मैना. दोघं एकाच दोराला बांधलेले. राघू वर गेला की मैना खाली येणार, मैना वर गेली की राघू खाली. विहिरीच्या रहाटाला दोन्हीकडे घागरी बांधाव्यात तसं. दोर फिरवणारं मोठं चाक खाली, यंत्रघरात होतं. ते किती वेगानं फिरवायचं, कुठे हळू करायचं, कुठे थांबवायचं हे एक कॉम्प्युटर ठरवायचा, आणि त्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम मी लिहिला होता. वर्षातून दोनदा मी पुण्याहून तपासणीला येई. त्या दिवशीही तशीच आले होते.

दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. वीज डोळा मिचकावल्यासारखी गेली आणि आली. चाकाला ब्रेक लागला. दाण्णकन आवाज झाला, त्यामागून लांबलचक 'सूंऽऽ' असा आवाज, मग सगळं शांत.

"मॅडम," खोतभाऊ म्हणाले. सदानंद खोत, यंत्र चालवणारे. ब्रेकच्या दांड्याजवळच्या स्टुलावर त्यांनी चौदा वर्षं काढली होती. "मैना अडकली. पोरं हायती आत. शाळेची सहल."

"वीज आलीय ना, भाऊ. आत्ता सुरू होईल."

पण सुरू झालं नाही. पडद्यावर एक ओळ आली होती: दोष सात, अंतर जुळत नाही.

मी उठून दाराबाहेर पाहिलं. दोर वर जाताना दिसत होता, पण डोंगराची एक सोंड मध्ये आल्यामुळे खालचे दीडशे मीटर सोडले तर पुढचं काही दिसत नसे. मैना त्या सोंडेपलीकडे होती. छपरावरच्या वारा मोजायच्या वाट्या हळूहळू फिरत होत्या.

"किती आहे वारा?"

"बावीस. पर आता तीन वाजून गेल्यात. चाराला खिंडीतनं वारा सुटतो, रोजचा. त्यो कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई." खोतभाऊंनी घड्याळाकडे पाहिलं. "चाळीस झाला की डबा झुलून खांबावर आपटतो. तवा चाराच्या आत पोरं खाली पायजेत, मॅडम. न्हाईतर मग वारा पडस्तोवर तिथंच."

"वारा पडतो कधी?"

"कदी सातला, कदी सकाळी."

तेवढ्यात भिंतीवरच्या वॉकीटॉकीतून खरखर आली. प्रत्येक डब्यात एक असे. मला वाटलं, गुरुजी बोलतील. पण आवाज लहान मुलीचा होता.

"हॅलो. हॅलो. कोण आहे?"

मी वॉकीटॉकी उचलला. "मी बोलतेय, खालून. पेठकर बाई. गुरुजी कुठे आहेत, बाळा?"

"गुरुजी खाली बसलेत. डोळे मिटलेत. घाम आलाय त्यांना. ते म्हणतात, कुणी हलू नका, आणि मग काहीच म्हणत नाहीत."

"मोकाशी गुरुजींना उंचीचं भ्या वाटतं," खोतभाऊ पुटपुटले. "जातानाच म्हनत हुते, मी पायऱ्यांनी येतो म्हनून."

"तुझं नाव काय गं?"

"कस्तुरी चौगुले. पाचवी ब." मग जरा थांबून, "बाई, दोर तुटणार आहे का?"

मुलांना खोटं सांगायचं नाही, हा माझा तेव्हाही नियम होता. "नाही. दोर तुटत नाही, तो असले दहा डबे पेलतो. यंत्र थांबलंय फक्त. मी ते सुरू करतेय. तू सगळ्यांना खाली बसव आणि वॉकीटॉकी जवळ ठेव."

"बसवलंय आधीच. एका बाजूला सात, एका बाजूला सहा. मधे गुरुजी आणि मी."

खोतभाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

आता मी काय करत होते ते सांगते. प्रोग्राम चालता चालता अडला की त्याच्या पोटात डोकावायचं एक साधन असतं, त्याला डीबगर म्हणतात. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळा पडदा, त्यावर आपण आज्ञा टाइप करायची, आणि तो उत्तर छापतो. डीबगर जोडला की प्रोग्राम असेल तिथे थिजतो, आणि त्याला त्या क्षणी काय काय माहीत होतं ते आपण एकेक करून विचारू शकतो. मात्र त्याचं उत्तर माणसासाठी नसतं. राघूबद्दल विचारलं तर तो अर्धा पडदाभर आकडे ओतणार: फेऱ्या, अर्ध्या फेऱ्या, पत्ते, शून्यं. त्यातून हवं ते शोधताना डोळे दुखून येतात.

म्हणून त्याला शिकवता येतं. "मी अमुक शब्द टाइप केला की एवढंच छाप, आणि असं छाप." मी त्याला एक आज्ञा शिकवली होती. तिचं नाव 'डबे'. डबे असं टाइप केलं की सगळी अडगळ बाजूला सारून तो एकच स्वच्छ ओळ छापायचा: राघू खालून इतके मीटर, मैना खालून इतके मीटर. ती ओळ मला फार आवडायची. कार्यशाळेत आलेल्या प्रत्येकाला मी ती करून दाखवली होती.

मी टाइप केलं, डबे.

राघू ५४०. मैना ३००.

"दोर आठशे चाळीस मीटर ना, भाऊ?"

"व्हय. आठशे चाळीस."

"पाचशे चाळीस आणि तीनशे. आठशे चाळीस. अगदी बरोबर आहे बघा."

प्रोग्रामचा नियम साधा होता. दोन्ही डबे एकाच दोराला, म्हणजे एकाचं अंतर आणि दुसऱ्याचं अंतर मिळून कायम आठशे चाळीसच भरणार. पाच मीटरपेक्षा जास्त फरक पडला, की काहीतरी बिघडलंय असं समजून प्रोग्राम दोष सात देऊन अडून बसायचा. आणि इथे तर तिळमात्र फरक नव्हता. मग हा अडून का बसलाय?

"वीज गेली-आली, त्यात ही तपासणीच गडबडली असणार," मी म्हणाले. "अंतर बरोबर आहे, पण याला ते पटत नाही."

खोतभाऊंनी मान खाजवली. "मॅडम, त्यो सूंऽऽ आवाज आला न्हवं का ब्रेक लागताना. दोर घसरल्यागत वाटलं मला. काल ग्रीस मारलंय दोराला."

"घसरला असता तर आकड्यांत दिसलं असतं, भाऊ."

"तुमाला दिसत न्हाई?"

"नाही."

"मग आसंल तसंच," ते म्हणाले, पण ब्रेकच्या दांड्यावरून त्यांनी हात काढला नाही.

वाऱ्याचा काटा सव्वीसवर होता. तीन वाजून चौतीस मिनिटं.

डीबगरमधून प्रोग्रामला नुसतं पाहता येतं असं नाही, त्याचा कानही पिळता येतो. 'हा दोष नाहीच असं समज आणि चालू लाग' असं सांगणारी एक आज्ञा मी टाइप केली. ती पडद्यावर होती. फक्त एंटर दाबायचं राहिलं होतं. एंटर दाबलं, की चाक पूर्ण वेगानं फिरणार, मैना मिनिटाभरात सोंडेच्या अलीकडे दिसणार, शेवटच्या साठ मीटरला प्रोग्राम वेग कमी करणार, आणि चौदा मुलं फलाटावर उतरणार.

दाबण्याआधी मी वॉकीटॉकी उचलला. मुलांना सांगितल्याशिवाय धक्का द्यायचा नव्हता, एवढंच.

"कस्तुरी, आता डबा सुरू होईल. सगळ्यांनी घट्ट धरा."

"बरं. बाई, किती वेळ लागेल?"

"एक मिनिट. तीनशे मीटरच राहिलंय."

वॉकीटॉकी खरखरला. "तीनशे नाही, बाई. अडीचशे."

"काय?"

"खाली खडकावर आकडा आहे. पांढरा. येताना गुरुजींनी सांगितलं होतं, दर दहा मीटरला एक आकडा आहे, तळापासून. आम्ही मोजत होतो मघापासून. आमच्या खाली पंचवीस आहे."

हे आकडे होते खरे. दोराची पाहणी करणारी माणसं उतारावरून पायी जात. त्यांच्यासाठी खोतभाऊंनीच खडकांवर माणसाएवढे आकडे चुन्यानं रंगवले होते.

"तीस असेल, बाळा. नीट बघ."

"दोन आणि पाच. पंचवीस."

"तू तिरकं बघत असशील. डबा झुलतोय ना? तिरकं पाहिलं की पुढचा आकडा खाली असल्यासारखा दिसतो."

ती गप्प झाली. मला वाटलं, पटलं. माझं बोट एंटरवर गेलं. वाऱ्याच्या वाट्यांचा आवाज आता आत यायला लागला होता, टरटर टरटर.

"थांबा, बाई. ओळंबा लावते."

"काय लावतेस?"

"ओळंबा. माझे बाबा गवंडी आहेत. भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतात तो. गुरुजींची शिट्टी घेतलीय आणि माझी रिबीन."

मुलांनो, तुम्ही अजून त्या डब्यात आहात ना? मग बघा, काय करतेय ती. गजांतून हात बाहेर. रिबिनीच्या टोकाला पितळेची शिट्टी. ती वाऱ्यानं हलते, तरी कस्तुरी घाई करत नाही. डबा एका टोकाला जातो, दुसऱ्या टोकाला येतो, आणि प्रत्येक वेळी मधोमध आला की ती एक डोळा मिटून शिट्टीच्या रेषेत खाली बघते. मला इथे फक्त खरखर ऐकू येत होती, आणि मागे कुणाचं तरी हुंदके देणं, आणि तिचं त्याला दटावणं, "गप रे, हलू नको, रेष मोडते."

"बाई."

"बोल."

"पाच वेळा बघितलं. पाचही वेळा शिट्टी पंचवीसवरच. तीस पार वर राहिलाय, मागे. तो इथून आख्खा दिसतो."

खोतभाऊ स्टुलावरून उठले. "पोरगी खोटं कशापायी बोलंल, मॅडम?"

मी एंटरवरचं बोट उचललं. मग ती टाइप केलेली आज्ञा एकेक अक्षर मागे घेत पुसली. 'डबे' नको, म्हटलं. माझी शिकवलेली ओळ नको. डीबगरला मी जसंच्या तसं छापायला सांगितलं, सगळी अडगळ, सगळे आकडे, काही न गाळता.

पडदा भरून गेला. मी बोट ठेवून ओळी वाचत खाली आले. राघूचं अंतर: पाचशे चाळीस. बरोबर. ते खालच्या चाकाच्या फेऱ्यांवरून मोजलं जायचं. आणखी खाली. मैनेचं अंतर. ते वरच्या ठाण्यातल्या, ब्रेक नसलेल्या चाकावरून यायचं.

दोनशे पन्नास.

मी तो आकडा दोनदा वाचला. पाचशे चाळीस आणि अडीचशे, सातशे नव्वद. पन्नास मीटर कमी. प्रोग्राम अगदी बरोबर अडला होता. खालच्या चाकाला ब्रेक लागला, चाक थांबलं, पण ग्रीस लावलेला दोर त्यावरून सूंऽऽ करत पन्नास मीटर घसरला. चाकाला ते कळलंच नाही. डबा खाली गेला.

मग माझी ओळ तीनशे कुठून आणत होती?

मी 'डबे' ही आज्ञा उलगडून बघितली. माझ्याच हातची, चार ओळींची. राघूचं अंतर छाप. आणि मैनेचं? आठशे चाळीसमधून राघूचं अंतर वजा कर आणि ते छाप.

मग आठवलं. पुण्याच्या कार्यशाळेत आमच्याकडे तपासायला एकच चाक होतं. वरच्या ठाण्याचं चाक अजून आलंच नव्हतं. ओळीतली मैनेची जागा रिकामी दिसू नये म्हणून मी तात्पुरती वजाबाकी लिहिली होती. नंतर बदलू, म्हटलं होतं. माझी ओळ मैनेकडे कधी बघतच नव्हती. राघूकडे बघून मैनेचा आकडा ठरवत होती. तो आठशे चाळीसच भरणार. दोर तुटून मैना दरीत पडली असती, तरी भरला असता.

"मॅडम? काय झालं? त्वांड पांढरं पडलंय तुमचं."

"भाऊ, आत्ता मी ते सुरू केलं असतं तर..." फलाटावर आदळणारा डबा मी बोटानं हवेत दाखवला. वेग कुठे कमी करायचा ते प्रोग्राम खालच्या चाकाच्या फेऱ्यांवरून ठरवायचा. साठ मीटर उरले असं समजून प्रोग्रामनं वेग कमी करायला घेतला असता, तेव्हा मैना फलाटापासून दहा मीटरवर असती, पूर्ण वेगात.

"म्या ब्रेक मारला असता की."

"ब्रेक चाकाला लागतो, भाऊ. दोराला नाही."

खोतभाऊंनी हातातल्या दांड्याकडे पाहिलं. चौदा वर्षांत प्रथमच पाहावं तसं. मग हळूच म्हणाले, "आता कसं आनायचं?"

"अडचणीसाठी ठेवलेल्या डिझेल इंजिनानं, त्याला प्रोग्राम लागत नाही. रांगत. सावकाश फिरवलं तर दोर घसरणार नाही. पण थांबवायचं कुठे, ते आधी कळायला हवं."

तीन वाजून त्रेचाळीस मिनिटं. वारा एकतीस.

खोतभाऊ डिझेल इंजिनाकडे धावले. मी ती चार ओळींची आज्ञा पुसली आणि नव्यानं शिकवायला बसले. राघू: खालच्या चाकावरून येतं ते. मैना: वरच्या चाकावरून येतं ते, वजाबाकी नाही. आणि तिसरा आकडा, दोघांची बेरीज आठशे चाळीसला किती कमी पडते तो. आकडे दर क्षणाला ताजे यावेत म्हणून डीबगर एकेक पाऊल चालवत ठेवला. तीनदा चुकीची अक्षरं पडली.

इंजिन दोनदा खोकलं आणि धडधडायला लागलं.

"कस्तुरी, ऐक. तू बरोबर होतीस, माझं चुकलं होतं. आता डबा गोगलगाईसारखा खाली येईल. ओळंब्याखाली आकडा आला की मोठ्यानं सांगायचा. प्रत्येक आकडा. थांबायचं नाही. जमेल?"

"जमेल. गुरुजींना सांगू का डोळे उघडा म्हणून?"

"नको. असू दे त्यांना."

चाक हललं. पंचवीस गेला. मग किती तरी वेळ काहीच नाही, नुसती खरखर, आणि मग तिचा आवाज, "चोवीस!" माझ्या पडद्यावर मैना २४०. "तेवीस!" पडद्यावर २३०. मी खोतभाऊंना बोटानं खूण करत होते, असंच, असंच. बावीस. एकवीस. वीस. खोतभाऊंच्या ओठांवर कसला तरी जप चालला होता. वारा पस्तीस. एकोणीस.

"अठरा!"

तिसरा आकडा जागच्या जागी होता, पन्नास. दोर आणखी घसरत नव्हता.

मग आवाज आला नाही.

पडद्यावर १७४. १७२. १७०. खरखर. १६९. १६८.

"कस्तुरी?"

काही नाही.

"कस्तुरी, बोल. सतरा आला का?"

"थांबवू?" खोतभाऊ ओरडले. थांबवलं तर डबा पुन्हा झुलणार, आणि वाऱ्याच्या वाट्या आता दिसतही नव्हत्या, नुसतं भिरभिरं दिसत होतं. न थांबवावं, तर नक्की काय चाललंय ते माहीत नाही. वरचं चाकही खोटं बोलायला लागलं असेल तर? आज एकदा खोट्या आकड्यानं मला फसवलं होतं, आणि तो आकडा माझाच होता.

"थांबवा."

चाक थांबलं. इंजिनाच्या धडधडीत मी वॉकीटॉकी कानाला घट्ट दाबला.

"बाई," आवाज आला. रडवेला. पहिल्यांदाच. "सतरा नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"खाली नुसती माती आहे. तांबडी. खडकच नाही."

खोतभाऊंनी कपाळावर हात मारला. "दरड! गेल्या सालच्या दरडीत सतरा नंबरचा खडक गेला खाली. म्या नवा आकडा मारायचा राहूनच गेला."

मी श्वास सोडला. "बरं, हरकत नाही, बाळा. अठरा होऊन इतका वेळ झाला म्हणजे सतरा गेलाच असणार. तू सतरा म्हण आणि पुढे सोळाकडे बघ."

"दिसला नाही तर कसा म्हणू?"

माझी नजर पडद्यावरच्या १६८ वर गेली.

"तुम्हीच म्हणालात, ओळंब्याखाली येईल तो सांगायचा. सतरा आलाच नाही. मी सोळा आला की सोळा सांगीन."

"बरोबर आहे तुझं," मी म्हणाले. "सोळा आला की सोळा सांग. मी थांबते. भाऊ, चालू करा. आणखी हळू."

मग जी मिनिटं गेली, ती किती होती हे मला आजही सांगता येणार नाही. घड्याळाप्रमाणे दीडच. पडद्यावर १६३, १६२, १६१.

"सोळा!"

१६०.

खोतभाऊ रडत होते आणि त्यांना ते कळत नव्हतं. पंधराला सोंडेच्या आडून पिवळा पत्रा दिसला. आधी छप्पर, मग खिडकी, आणि खिडकीतून बाहेर आलेला एक बारीक हात, त्यातून लोंबणारी लाल रिबीन. चौदा. तेरा. आता मला डबा दिसत होता, तरी मी तिला थांब म्हटलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. दहा. सात. चार. एक.

चार वाजायला सहा मिनिटं असताना मैना फलाटाला लागली. कसली तरी बारीक टिक झाली, तेवढीच.

दार उघडलं. मुलं बाहेर पडली, काही पळत, काही नुसतीच बसकण मारत. दोघांनी जमिनीला हात लावून पाहिला. मोकाशी गुरुजी एका मुलाच्या खांद्याला धरून उतरले, फलाटाच्या खांबाला मिठी मारली आणि म्हणाले, "सगळे आलेत ना? मोजा. कुणीतरी मोजा रे." मुलांनी मोजलं. तेरा.

कस्तुरी डब्यातच होती. मी आत गेले. दोन वेण्या, एक रिबिनीची, एक मोकळी. रिबिनीला गाठ मारलेली शिट्टी ती सोडवत होती. गाठ फार घट्ट बसली होती.

"उतरायचं नाही का?"

"गुरुजींची शिट्टी द्यायचीय ना."

मी तिच्यापुढे उकिडवी बसले आणि तिला सगळं सांगितलं. एंटरवरचं बोट, वजाबाकी, 'नंतर बदलू' म्हटलं होतं ते. मुलांना खोटं सांगायचं नाही, असा नियम असला म्हणजे हेही सांगावं लागतं. ती ऐकत राहिली. नखांनी गाठ कोरत राहिली.

"म्हणजे तुम्ही मैनेला विचारलंच नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"आता विचारता?"

"आता विचारते."

गाठ सुटली. तिनं शिट्टी फ्रॉकला पुसली, जाऊन गुरुजींच्या हातात दिली. बसच्या ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. खोतभाऊ गुळाचे खडे वाटत होते, मुलांची तिकडे झुंबड उडाली होती. कस्तुरी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी गूळ पुढे केला, तो तिनं घेतला नाही.

"आजोबा, चुन्याचा डबा कुठंय?"

"चुना? कशाला गं पोरी?"

तिनं सोंडेकडे बोट केलं. वारा सुटला होता, तिची मोकळी वेणी आडवी उडत होती.

"आणि टेप पण घ्या," ती म्हणाली. "अंदाजानं नाही मारायचा. सोळापासून मोजून मारायचा." आणि रिबीन दातात धरून, वेणी बांधत बांधत, ती उताराच्या पायऱ्या चढायला लागली.